पोर कानाने वाजवते, मग ब्रेल कशाला?

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांनी विचारलं आहे. मुलगी आठ वर्षांची. सातव्या महिन्यात जन्मली, डोळ्यांचे पडदे सरकले, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. मामाने आणून दिलेल्या लहानशा कीबोर्डवर ती टीव्हीवरचं, लग्नाच्या बँडचं, देवळातल्या भजनाचं, जे कानावर पडेल ते वाजवते. कुणीतरी मोबाईलवर एका जपानी अंध पियानोवादकाची मैफल ऐकवली आणि तेव्हापासून तिला ‘तसं’ वाजवायचं आहे. हे होण्यासारखं आहे का, पियानो कोणता घ्यावा, तिला मुंबईला ठेवावं का, असे तीन प्रश्न आहेत. आणि अगदी शेवटी एक ओळ: ती सगळं कानानेच उचलते, मग शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षिका ब्रेलचा एवढा आग्रह का धरतात?

भाऊ, मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्यावरच अवलंबून आहेत.

आधी मी कोण ते सांगतो. तीन वर्षांचा असताना गोवर झाला, त्यात माझी दृष्टी गेली. यावल तालुक्यातलं आमचं गाव. सातव्या वर्षी मला मुंबईच्या अंधशाळेत घातलं. तिथल्या हॉलमधल्या जुन्या उभ्या पियानोवर मी शिकलो. गेली ३१ वर्षं भुसावळला पियानो आणि पेटी शिकवतो, चर्चमध्ये वाजवतो, कुणाचा पियानो उतरला की सुरात लावून देतो. आजवर माझ्याकडे ११ अंध मुलं शिकली. खाली जे लिहितोय ते या सगळ्या अनुभवातून.

होण्यासारखं आहे का, याचं उत्तर फार लांबवत नाही. व्हिएन्नाची मारिया थेरेसिया फॉन पाराडिस १७५९ साली जन्मली, लहानपणीच आंधळी झाली आणि १७८३ पासून पॅरिस, लंडन करत युरोपभर वाजवत फिरली. पुढे १८०८ साली तिने स्वतःची संगीतशाळा काढली. इम्रे उंगार हा हंगेरीचा अंध वादक १९३२ साली वॉर्साच्या शोपँ पियानो स्पर्धेत पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीला आला होता, पहिला कोण हे शेवटी नाणं उडवून ठरवावं लागलं आणि कौल त्याच्या विरुद्ध गेला. फ्रान्सचा बर्नार द'अस्कोली तिसऱ्या वर्षी अंध झाला, १९८१ मध्ये इंग्लंडच्या लीड्स स्पर्धेत तिसरा आला. आणि तुमच्या मुलीने ऐकला तो बहुधा नोबुयुकी त्सुजी असणार. जन्म १९८८चा, जन्मापासून अंध. २००९ साली अमेरिकेत फोर्ट वर्थच्या व्हॅन क्लायबर्न स्पर्धेत चीनच्या हाओचेन झांगबरोबर त्याला सुवर्णपदक विभागून मिळालं. त्या स्पर्धेत त्याने बीथोव्हनचा ‘हामरक्लाव्हिअर’ सोनाटा वाजवला होता. पाऊण तासाच्या आसपासची ती रचना डोळस वादकांनाही घाम फोडते. तेव्हा अंध माणसाला पियानो वाजवता येतो का, यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या मुद्द्याकडे येतो. त्सुजी कानाने शिकतो हे खरं आहे. पण कानाने म्हणजे कसं, ते नीट समजून घ्या. त्याच्यासाठी जाणकार वादक छापील स्वरलिपी वाचतात. उजवा हात वेगळा, डावा वेगळा, थोडा थोडा भाग ध्वनिमुद्रित करून देतात. कुठे हळू, कुठे जोरात, कुठे स्वर जोडायचे, अशा संगीतकाराच्या खुणाही त्यात असतात. तो ते ऐकून हातात बसवतो. म्हणजे कागद तिथेही वाचला जातोच, फक्त वाचणारे डोळे दुसऱ्याचे असतात. अशी माणसं त्याच्याभोवती लहानपणापासून आहेत. चोपड्यात हे काम कोण करणार? यूट्यूबवरची मैफल ऐकून शिकणं ही फार वेगळी गोष्ट आहे.

किती वेगळी, ते माझ्यावर बेतलेलंच सांगतो. सोळा वर्षांचा असताना जर्मन संगीतकार बाखची एक रचना मी कॅसेटवरून बसवली, एकाच वेळी तीन स्वरधारा चालणारी. टेप मागे-पुढे करून करून कॅसेट झिजली. चार वर्षं मी ती रचना वाजवत होतो, टाळ्याही मिळत होत्या. मग एका ओळखीच्या माणसाने परदेशातून तिची ब्रेल प्रत मागवून दिली. दुसऱ्याच ओळीवर माझं बोट अडलं. डाव्या हाताच्या अंगठ्याने धरून ठेवायचा एक लांब स्वर तिथे होता, दोन मात्रांच्या पुढे बांधलेला. मी तो स्वर वाजवून लगेच सोडत होतो. पियानोचा स्वर पेटीसारखा भाता चालेल तोवर टिकत नाही, हातोडी तारेवर पडली की तो विरायलाच लागतो. त्यामुळे वर दुसरे स्वर चालू असताना खालची पट्टी अजून दाबलेली आहे की सोडली, हे कॅसेटवरून कानाला कळणं कठीण असतं. कागदावर मात्र ते स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या दिवशी मी पुढे काही वाजवलंच नाही. तीच ओळ बोटाने पुन्हा पुन्हा वाचत बसलो. बाखने लिहिलेलं एखादं अक्षर मला पहिल्यांदाच, मध्ये कुणी नसताना भेटलं होतं.

आपल्या हिंदुस्थानी संगीतात गोष्ट निराळी आहे. ती गुरुमुखी विद्या. तिथे कान हाच मुख्य, आणि गुरू समोर बसलेला असतो. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई या दोन अंध गुरूंनी कितीतरी अंध मुलांना असंच घडवलं. रवींद्र जैन जन्मांध होते, पेटीवरून उठून ते हिंदी चित्रपटसृष्टीत पोहोचले. मुलीला भजन, भावगीत, साथसंगत करायची असेल तर कानावर तिचं छान निभेल. पण पाश्चात्त्य अभिजात संगीत ही लिहून ठेवलेली परंपरा आहे. कुठला स्वर किती वेळ, कुठल्या स्वराशी जोडून, सगळं संगीतकाराने कागदावर ठेवलेलं असतं. तो कागद वाचता येत नसेल तर मूल कायम दुसऱ्या कुणाच्या तरी वादनाची नक्कल करत राहतं. त्या वादकाची चूक असेल तर तीसुद्धा उचलतं.

असोद्याच्या बहिणाबाई आपल्याच मातीतल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर जे सुचलं ते मुखातच राहिलं आणि सोपानदेवांनी उतरवून घेतलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. तुमच्या मुलीचा कान तसाच देवाने दिलेला दिसतोय. माझं म्हणणं इतकंच, की तिचा सोपानदेव तिलाच होऊ द्या.

ब्रेल स्वरलिपी ऐकायला अवघड वाटते, पण ती वेगळी लिपी नाही. लुई ब्रेल स्वतः पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. १८२९ साली त्याने आपली पद्धत छापली तेव्हा शब्दांबरोबर संगीत लिहिण्याचीही सोय तिच्यात होती. तेच सहा ठिपके: डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा. मुलीला मराठी ब्रेल येत असेल तर तिला दाखवा: पेटीची पांढरी एक, म्हणजे सी, हा स्वर ‘द’ या अक्षराच्या ठिपक्यांनी लिहितात. डी म्हणजे ‘ए’, जी म्हणजे ‘ह’, बी म्हणजे ‘ज’. ही सगळी अक्षरं वरच्या चार ठिपक्यांत बसतात. खालचे दोन ठिपके, तीन आणि सहा, स्वर किती लांबवायचा ते सांगायला मोकळे राहतात. दोन्ही रिकामे असले तर स्वर आखूड, सहावा दिला तर त्याच्या दुप्पट, तिसरा दिला तर चौपट, दोन्ही दिले तर आठपट. इतकी सुटसुटीत रचना आहे. सप्तक कोणतं, हात कोणता, यांच्या खुणा स्वराच्या आधी येतात. आठवड्याभरात हुशार मूल एका हाताची साधी चाल वाचायला लागतं.

अडचण पुढे येते, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. वाचायला हात लागतो आणि वाजवायलाही हातच लागतो. म्हणून आधी डाव्या हाताने वाचायचं आणि उजव्याने वाजवायचं, मग उलट, आणि मग दोन्ही हात पाठ करून एकत्र आणायचे. समोर कागद ठेवून दोन्ही हातांनी सरळ वाजवत जाणं आपल्याला कधीच शक्य नाही. प्रत्येक रचना मुखोद्गत करावीच लागते. नवशिक्यांना शिकवतात तो जी मेजरमधला मिनुएट, एक छोटी नृत्यरचना, घ्या, त्यात ३२ खंड, म्हणजे तालाची ३२ छोटी घरं आहेत. मी रोज चार खंड देतो. आठ दिवस उजवा, आठ दिवस डावा, मग जोडणी. साधारण महिना जातो. डोळस मूल ते आठवड्यात वाजवतं, आणि शेजारी तसं मूल असेल तर घरच्यांचा जीव खालीवर होतो. होऊ देऊ नका. महिन्याने आपलं मूल कागदाशिवाय वाजवतं आणि वर्षाने विचारलं तरी ते त्याच्या हातात असतं.

यात परिस्थितीचा भाग आहे. दृष्टी मोठेपणी गेली असेल तर बोटांना ब्रेल बसायला वेळ लागतो, अशा दोघांना मी बहुतेक कानानेच शिकवलं आणि ते बरोबरच होतं. बोटांना बधिरपणा असेल तरी तेच. पण तुमची मुलगी आठ वर्षांची आहे आणि शिक्षिका गावात येऊन ब्रेल शिकवताहेत. हे वय हातचं घालवू नका. छापील ब्रेल प्रती कमी मिळतात ही तक्रार पूर्वी खरी होती. आता म्यूझस्कोर नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या मोफत प्रोग्रामबरोबर चालतो आणि स्वरलिपी ब्रेलमध्ये उतरवून देतो. छापील पुस्तक अंधांसाठी ब्रेलमध्ये करून घ्यायला आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे, त्याचीही धास्ती नको.

आता वाद्य. इथे माझा सल्ला जरा कठोर आहे: तो लहान कीबोर्ड लवकरात लवकर बाजूला करा. त्याच्या पट्ट्या बहुधा अरुंद असणार. पूर्ण आकाराच्या पियानोवर एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटीमीटरचं असतं. डोळस मुलाचा हात चुकला तर डोळा सांभाळून घेतो. आपल्याकडे हातातलं अंतर हीच आठवण. ती चुकीच्या मापावर पक्की झाली की पुढे मोडायला दोन-दोन वर्षं जातात.

लाकडी पियानो आत्ता घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, मग पावसाळ्यात दमट. लाकूड आकसतं, फुगतं, सूर उतरतो, आणि सुरात लावणारा माणूस मिळायला महिना जातो. ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. साधारण ४०-५० हजारांपासून मिळतो. रक्कम मोठी आहे हे मला कळतं, म्हणून जुना चांगला मिळाला तरी चालेल. घेताना दोन गोष्टी बघा: बटणं बोटांना जाणवणारी हवीत, गुळगुळीत टचस्क्रीन नको, नाहीतर आवाज बदलायलाही तिला कुणाला तरी हाक मारावी लागेल. आणि स्टूल हलणारं नको. स्टूल रोज त्याच जागी, पोट पियानोच्या मधोमध. तिची सगळी मापं तिथूनच सुरू होतात.

पट्ट्यांवर टिकल्या, ठिपके चिकटवू नका. पियानोच्या अंगावर खुणा मुळातच आहेत. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या जुडग्यांत असतात. पेटीच्या भाषेत काळी एक-दोन हे एक जुडगं, काळी तीन-चार-पाच हे दुसरं. पहिल्या महिन्यात मी मुलांना गाणं देतच नाही. तळहात काळ्यांवरून हलकाच फिरवायचा, आवाज न करता, आणि मी म्हणेन तो स्वर शोधायचा. काळी एकच्या डावीकडची पांढरी म्हणजे सी. हे कळलं की सगळा पियानो कळला. लांबची उडी असेल, शोपँच्या वॉल्ट्झमध्ये डावा हात जसा खालच्या स्वरावरून वरच्या स्वरगुच्छावर जातो, तिथेही तेच: आधी मुक्याने जाऊन पट्टीला स्पर्श, मग स्वर. शंभर वेळा मुक्याने केलं की एकशेएकाव्या वेळी हात आपोआप पडतो.

शिक्षक मिळेल का, याची तुम्हाला धास्ती असेल. अंध मुलांना शिकवलेला शिक्षक जवळपास मिळणार नाही हे धरून चाला. पियानो चांगला येणारा आणि उतावीळ नसलेला डोळस शिक्षक पुरेसा आहे. त्याला एकच अट घाला: मुलीचे हात धरून पट्टीवर ठेवायचे नाहीत. तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवून बघावं, ते चालेल.

परीक्षा द्यायच्या असतील तर पाश्चात्त्य संगीताच्या मंडळांकडे अंध परीक्षार्थींसाठी सवलती असतात. छापील स्वरलिपी पाहून वाजवण्याऐवजी ब्रेल वाचून, पाठ करून वाजवण्याची किंवा ऐकून उत्तर देण्याची सोय मिळते. पण नुसता अर्ज भरून निर्धास्त होऊ नका. माझ्या एका बारा वर्षांच्या विद्यार्थिनीचा अर्ज आम्ही दोन महिने आधी, दाखल्यासकट पाठवला होता. परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी तिच्यापुढे कागद ठेवला. तिने त्यावरून हात फिरवला. कागद सपाट होता. ती काही बोलली नाही, पुन्हा एकदा हात फिरवला, मग माझ्याकडे मान वळवली. दुसरी सोय व्हायला पाऊण तास गेला आणि तोवर तिची बोटं गार पडली होती. तेव्हापासून मी परीक्षेच्या आठ दिवस आधी स्वतः फोन करून विचारतो, की ब्रेल प्रत त्यांच्या हातात आली आहे का.

मुंबईला ठेवावं का? हे मी ठरवू शकत नाही. मला सातव्या वर्षी गाडीत बसवलं तेव्हा माय फलाटावर किती वेळ उभी होती ते मला मोठेपणी कळलं. मला तिथे ब्रेल मिळालं, पियानो मिळाला, पण माझी भाषा, घरचं जेवण, भावंडं सगळं दहा वर्षं सुट्टीपुरतं उरलं. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज विशेष शिक्षिका गावात येतात, मोबाईल बोलतो. माझा कल असा आहे की दहावीपर्यंत घरी राहू दे, सुट्टीत मोठ्या शहरातल्या शिक्षकाकडे पंधरा-पंधरा दिवस न्या. मात्र शिक्षिकांची बदली झाली आणि ब्रेलच थांबलं, तर निवासी शाळेचा विचार नक्की करा. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर या आठवड्यातच काढा, पुढच्या सगळ्या सवलती त्याच्यावर आहेत.

आणि पोटापाण्याचं. त्सुजी एखादाच होतो, डोळसांतही. एकट्याने मैफली करून जगणारे पियानोवादक आपल्या देशात फारच थोडे. माझं घर चाललं ते शिकवण्यांवर, चर्चवर, नृत्यवर्गांच्या साथीवर आणि पियानो सुरात लावण्यावर. हे शेवटचं काम आपल्या लोकांनीच जगाला दाखवलं असं म्हणायला हरकत नाही. पॅरिसच्या अंधशाळेतला क्लोद मोंताल हा अंध माणूस पियानो लावण्यात इतका निष्णात झाला की १८३६ साली त्याने त्यावर पुस्तक छापलं. शाळांमध्ये संगीतशिक्षकाची नोकरी आहे, सरकारी नोकऱ्यांत २०१६च्या कायद्याने अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी एक टक्का जागा राखीव आहेत. या सगळ्या वाटा स्वरलिपी येणाऱ्याला जास्त मोकळ्या होतात. स्वतः वाचता न येणाऱ्याने दुसऱ्याला बाख शिकवायचा तर कसा?

म्हणून क्रम असा धरा: यंदा मराठी ब्रेल पक्कं, त्याबरोबर पूर्ण आकाराच्या पट्ट्या, मग ब्रेल स्वरलिपी, मग शिक्षक आणि परीक्षा. भजन आणि पेटी मुळीच बंद करू नका, तो तिचा श्वास आहे. ती टीव्हीवरचं वाजवते तेही वाजवू द्या.

एक रविवार काढून तिला यावलमार्गे भुसावळला घेऊन या. माझ्या उभ्या पियानोचं वरचं झाकण आणि पुढची फळी काढून ठेवीन. तिला तारांवरून हात फिरवू दे, मी पट्टी दाबताना हातोडी कशी उठते आणि तारेला लागून कशी परत येते ते तिच्या बोटाला कळू दे. ते कळल्यावर मुलं पट्टी वेगळ्याच जपणुकीने दाबायला लागतात, हे मी अकराही वेळा पाहिलं आहे. कीबोर्ड घरीच राहू द्या, ब्रेलची पाटी मात्र बरोबर आणा.